वन्सं आणि नवव्या भागाबद्दलची मतं

वन्सं आणि तिच्या भावाचं ते भांडण मी मुद्दाम ऐकलं नाही. मागच्या गॅलरीत कपडे वाळत घालत होते आणि खाली वाचनालयाच्या मागच्या खोलीची खिडकी उघडी होती. ती खिडकी उघडते मागच्या इमारतीच्या भिंतीवर. आतला आवाज भिंतीवर आपटतो आणि सरळ वर माझ्याकडे येतो. आता कान काही मला झाकून ठेवता येत नाहीत.

"दोनच दिवस, दादा. मैत्रिणीला मुलगी झालीय, बघून येते."

"आणि पुस्तकं कोण पोचवणार?"

"दोन दिवस पुस्तकं नाही पोचली तर काय आग लागणार आहे का?"

"लागेल. वकिलीणबाई लावतील."

"दादा, मी काय नोकर आहे का इथली?"

मी हातातली चादर तशीच धरून उभी. मला वाटलं, आता म्हणेल, असं काय बोलतेस गं. पण तो म्हणाला, "नोकर असतीस तर सुट्टी द्यावी लागली असती. तू घरची आहेस."

रागानं म्हणाला असता तर बरं झालं असतं. रागावर उलट बोलता येतं. तो अगदी मायेनं म्हणाला, आणि मायेपुढे बोलणार काय? आत एक भांडं पडल्याचा आवाज झाला. पडलं की टाकलं ते मला वरून कळलं नाही. संध्याकाळी ती माझ्या दारात उभी, खांद्यावर पिशवी, हातात माझं पुस्तक, तोंडावर नेहमीचं हसू. मैत्रिणीची मुलगी तिनं पाहिली ती पुढे केव्हातरी फोटोत.

या गोष्टीला खूप वर्षं झाली. तिचं लग्न झालं होतं, टिकलं नाही. का टिकलं नाही ते ती सांगत नसे, आणि आम्हीही विचारत नसू, म्हणजे तिच्या तोंडावर तरी विचारत नसू. भावाकडे आली ती पाहुणी म्हणून. भावाचं वाचनालय होतं. पुस्तकांना खाकी कव्हरं घालून देते म्हणाली, बसल्या जागी होईल तेवढं. त्या कव्हरांतून ती पुन्हा बाहेर निघालीच नाही.

तिची वहिनी तिला वन्सं म्हणायची. नवऱ्याच्या बहिणीला दुसरं काय म्हणणार? "वन्सं, दूध बघा. वन्सं, दुकानात कोण आलंय बघा." दिवसभर ती एकच हाक ऐकून आमची सगळी गल्ली तिला वन्सं म्हणायला लागली. मी म्हणायचे, शिंपी म्हणायचा, टपाल आणणारा म्हणायचा. एक म्हातारे गृहस्थ होते ऐंशीच्या घरातले, तेही काठी टेकत विचारायचे, "वन्सं, नवीन काय आलं?" म्हणजे बघा, अख्ख्या गल्लीची ती नणंद. एका घरची नणंद असली तर जरा ताठा तरी करता येतो. इतक्या घरांची झाल्यावर नुसती ये-जा.

वाचनालय म्हणजे एक लांबट दुकान. दोन्ही बाजूंना छतापर्यंत फळ्या, मध्ये एक माणूस आडवा होऊन जाईल एवढी वाट, आणि वरची पुस्तकं काढायला शिडी. पुढे टेबल, टेबलामागे दादा. मागे तिची खोली. तिथं तिची खाट, खळीचं भांडं, फाटलेली पुस्तकं बांधायचा दाबाचा लाकडी साचा, आणि जुन्या मासिकांचे गठ्ठे. गठ्ठे इतके की खाटेवर बसायचं तर पाय वर घेऊनच बसावं लागे. भाऊ-भावजय वरच्या मजल्यावर. रात्री दादा दुकानाचं शटर ओढायचा आणि बाहेरून कुलूप लावायचा. कुणी तरी एकदा त्याला म्हणालं, अरे, आत माणूस आहे. तर म्हणाला, "कुलूप पुस्तकांसाठी आहे. तिच्यासाठी थोडंच आहे?" मागचं दार होतं, पण ते आतल्या अंगणात उघडायचं. तिथून जिना, जिन्यावर वहिनीचं स्वयंपाकघर, आणि त्यातून बाहेरची वाट. म्हणजे जरा हवा खायला बाहेर पडायचं तर आधी वहिनीला सांगायचं की मी हवा खायला चालले, आणि मग वहिनी म्हणणार की येता येता कांदे आणा.

आता त्या पुस्तकांबद्दल सांगते, कारण सगळं घडलं ते त्यांच्यामुळे. आमच्याकडे खुनाच्या गोष्टींची एक मालिका फार चालायची. इंग्लंडातल्या व्हिक्टोरिया राणीच्या काळातली. घोडागाड्या, गॅसचे दिवे, चिमण्यांचा धूर आणि धुकं. धुकं इतकं की खुनी राहू दे, मला पुढची ओळसुद्धा दिसायची नाही. मी तिसरी शिकलेली, ओळीखाली बोट धरून वाचणारी. पण ती मालिका मी सोडली नाही. त्यात एक डॉक्टर असतो, मिशीवाला, मोठा हुशार. दर भागात एक खून, आणि डॉक्टर तो उलगडतो. त्याची एक बहीण असते बिनलग्नाची, ती त्याचं घर सांभाळते. पोलीस आले की ती चहा ओतते, आणि ओतता ओतता सहज काहीतरी बोलते, की त्या बाईच्या हातमोज्याची बटणं उलटी लावली होती हं. झालं, डॉक्टर उठतो, कोट घालतो आणि खुनी धरतो. पोलीस टोपी काढून नमस्कार करतात, डॉक्टरला. बहीण कप विसळते.

वर्षातून एक भाग यायचा. दादा दोन प्रती घ्यायचा आणि त्यांच्यासाठी गल्लीभर नंबर लागायचे. आणि आमच्या वाचनालयाची एक रीत होती, ती दुसरीकडे कुठं असेल असं मला वाटत नाही. वन्सं पुस्तक देताना आधीच्या घरचं मतही द्यायची. दारात उभी राहून सांगायची, "शिंपीदादा म्हणतात, सुरुवात सावकाश आहे, पण धीर धरा." मग आपण पुस्तक वाचायचं, परत देताना आपलं मत तिला सांगायचं, आणि ते घेऊन ती पुढच्या घरी. पुस्तकाइतकीच लोक त्या मताची वाट बघत. नियम दोनच. खुनी कोण ते सांगायचं नाही. आणि एकदा दिलेलं मत बदलायचं नाही, कारण ते पुढच्या घरी पोचलेलं असतं. एकदा वकिलीणबाई, म्हणजे आमच्याच इमारतीतल्या वकिलांची बायको, जिन्यावरून ओरडत तिच्यामागे धावल्या होत्या, "अगं, मी चुकीचं बोलले, तो माळी मला आवडला होता!" वन्सं म्हणाली, "आता नाही हो. तुम्हाला माळी आवडत नाही असं मी तीन मजल्यांवर सांगून आले."

चार माणसांचं बोलणं चार घरी नेणं हेच तिचं काम. लोक काय म्हणतात ते तिला तोंडपाठ. तिला मात्र कुणी विचारत नसे, की वन्सं, तुला कसं वाटलं? वाचलेलं सगळं असायचं तिनं. दादा दुपारी वर झोपायला गेला की टेबलामागे बसून ती वाचायची, सगळ्यांच्या आधी. पण पाण्याच्या नळाला कुणी विचारतं का, तुला तहान लागली का म्हणून?

तर नववा भाग आला. त्यात हातमोज्यांचा एक व्यापारी मरतो, काचेच्या बागघरात, आतून कडी लावलेली. कोण मारतो ते मी सांगणार नाही, नियम आहे. पण शेवट सांगते, कारण शेवटात खून नाही. त्या भागात डॉक्टरच्या बहिणीमुळे एका म्हाताऱ्या श्रीमंत बाईचा जीव वाचतो. ती बाई जहाजानं दूर देशी निघालेली असते. म्हणते, माझ्याबरोबर चल, तुझ्यासारखी डोळस बाई मला सोबतीला हवी. बहीण पेटी भरते. टोपी घालते. दारापर्यंत येते, बाहेर घोडागाडी उभी. तेवढ्यात वरून डॉक्टर हाक मारतो, माझा काळा कोट कुठे आहे? ती थांबते, टोपी काढून खुंटीला अडकवते, आणि कोट शोधायला वर जाते. संपला भाग.

गल्लीत नुसता कल्लोळ. खून बाजूला राहिला आणि सगळे त्या टोपीवर तुटून पडले.

वन्सं माझ्याकडे मत घ्यायला आली तेव्हा मी म्हणाले, "राहिली ते बरं केलं बाई. ती गेली तर पुढच्या भागात त्या डॉक्टरला कोण सांगणार बटणं उलटी आहेत म्हणून? मालिका बंद पडेल." माझं मत असं सरळ, स्वतःच्या सोयीचं. तिनं मान डोलावली, पुस्तक पिशवीत घातलं. मग जायचं सोडून जिन्याच्या पायरीवर बसली.

"आजी, मोठ्या बाई चालल्यात."

मोठ्या बाई म्हणजे कोपऱ्यावरच्या घरातल्या, शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या. निवृत्त होऊन एकट्या राहायच्या.

"कुठे चालल्या?"

"त्यांच्या गावाकडच्या घरी. तिथं त्यांच्या भाचीची शाळा आहे. पुस्तकं आहेत खोलीभर, लावायला कुणी नाही. मला चल म्हणतात." मग अगदी हळू, जसं काही चोरीचं सांगते आहे, "खोली देणार आहेत. खिडकी रस्त्यावर आहे. किल्ली माझ्याकडे राहणार."

"मग?"

"पुढच्या शनिवारी त्यांचा ट्रक येतोय. त्याच्या आत सांगायचं."

"दादाला बोललीस?"

"बोलायला गेले. तो गुडघ्याला तेल लावत होता. म्हणाला, हे सगळं तुझ्यावर टाकून मी निवांत आहे बघ." ती हसली. "निवांत माणसाला कसं उठवायचं, आजी? आणि लोक काय म्हणतील? भावानं आसरा दिला, आणि त्याचे गुडघे गेल्यावर ही निघाली. वकिलीणबाई काय म्हणतील ते तर मी आत्ताच म्हणून दाखवते." आणि तिनं वकिलीणबाईंचा आवाज काढून दाखवला, नाकातला, हुबेहूब. मला हसू आवरेना. तीही हसली, आणि मग डोळे पुसून पिशवी उचलून गेली, कारण शिंप्याकडे पुस्तक द्यायचं होतं.

तीन-चार दिवसांनी मी शिंप्याकडे गेले, नातीच्या फ्रॉकची शिवण उसवली होती म्हणून. शिंपी मशीन थांबवून माझ्याकडे बघतो आणि म्हणतो, "आजी, तुम्ही भलत्याच धीट निघालात!"

"मी काय केलं?"

"अहो, तुमचं मत! वन्संनी सांगितलं ना. आजी म्हणतात, तिनं जायलाच हवं होतं. कोट काय, शोधला असता त्यानं. मी आपला म्हणणार होतो राहिली ते बरं. पण म्हटलं, आपल्याहून वडील बाई म्हणतात जावं, तर आपण कशाला मागं राहायचं?"

सुईत दोरा ओवताना करतात तसा एक डोळा बारीक करून मी त्याच्याकडे बघत राहिले. घरी येताना जिन्यात वकिलीणबाई भेटल्या. त्या आणखी वरताण. "आजी, त्या शिंप्याला जे कळतं ते मला कळू नये का? तो पहिल्यापासून म्हणतोय म्हणे, त्या डॉक्टरला स्वतःचा कोट सापडत नसेल तर खुनी काय सापडणार? मी तर वन्संना स्पष्ट सांगितलं, तिनं जायला हवं होतं. ठासून सांगितलं!"

आता शिंप्यानं पहिल्यापासून काय म्हटलं होतं ते मी नुकतंच ऐकून आले होते. संध्याकाळी वन्सं आली तेव्हा तिला आत घेतलं, चहाचा कप हातात दिला आणि विचारलं, "का गं, मी कधी म्हणाले तिनं जायला हवं होतं?"

तिनं कप खाली ठेवला. कानशिलं लाल झाली.

"मला कुणी विचारत नाही, आजी. म्हणून म्हटलं, तुमच्या तोंडून बोलून बघावं."

"आणि शिंप्याच्याही?"

"त्याच्याही. आणि समोरच्या इमारतीतल्या दातांच्या डॉक्टरांच्या. एकाच्या नावावर दुसऱ्याकडे." ती कपाच्या काठावर बोट फिरवत राहिली. "बघायचं होतं, ऐकून तोंड वाकडं करतात का. पहिल्यांदा सगळे म्हणत होते, राहिली तेच शोभलं. पण दुसऱ्याचं मत कानावर पडलं की माणूस स्वतःचं जरा हलवून बघतो. आता तर कुणी राहा म्हणायलाच तयार नाही."

"म्हणजे झालंच की! लोक काय म्हणतील ते कळलं तुला."

"पुस्तकातल्या बाईला जा म्हणायला काय जातं?" ती म्हणाली. "ती यांची पुस्तकं घेऊन जिने चढत नाही."

हे मात्र खरं होतं. चहा निवत चालला होता. खालून वहिनीची हाक आली, "वन्संऽऽ", आणि ती उठली. मला आठवतं, उठताना तिनं आधी पिशवीचा पट्टा खांद्यावर घेतला आणि मग ती सरळ झाली. वर्षानुवर्षांच्या वजनानं तो एक खांदा खाली आला होता. रिकामी चालायची तेव्हाही तशीच, एका बाजूला कललेली.

बुधवारी मी दुकानात गेले. वन्सं शिडीवर होती, वरच्या फळीवरची पुस्तकं पुसत. दादा टेबलामागे, गुडघ्यावर शाल. शिंपी पुस्तक बदलायला आलेला. आणि वकिलीणबाई टेबलावर हात आपटत होत्या.

"मी म्हणते, लेखकाची अक्कल कुठे गेली होती? भरलेली पेटी, दारात गाडी, आणि ही बया परत वर जाते! कोटासाठी!"

"अहो, पण तो एकटा पडला असता," दादा म्हणाला. त्यानंही वाचलं होतं म्हणायचं.

"पडू दे की. पडल्याशिवाय उठायला कसं शिकणार?"

"भाऊ आहे तिचा. त्यानं तिला घर दिलं."

"घर दिलं की कप विसळायला दिले?" शिंपी म्हणाला. आम्ही सगळे हसलो. दादाही हसला थोडा. पुस्तकातल्या माणसाचा पाणउतारा होत होता, त्याचं काय जात होतं? "आणि कोट हो?" तो म्हणाला. "कोट कोण शोधणार?"

"दोन हात आहेत ना त्याला? प्रेतं उलटीपालटी करतो, कपाट उघडत नाही?"

हसणं चालूच होतं, तेवढ्यात शिडीवरून आवाज आला.

"दादा, मी शनिवारी मोठ्या बाईंबरोबर जातेय. त्यांच्या गावी. राहायला."

फडकं हातातच होतं तिच्या. खाली येऊन बोलावं एवढंही तिला सुचलं नसावं, किंवा खाली उतरले तर बोलणार नाही हे तिला माहीत असावं. बाहेर रस्त्यावर सायकलची घंटा वाजली.

पहिल्या बोलल्या त्या वकिलीणबाई. "अगं पण," त्या म्हणाल्या, "आमची पुस्तकं?"

बघा, माणूस किती पटकन खरं बोलतो. मग त्यांनाच जरा लाज वाटली असेल, त्या सावरून म्हणाल्या, "म्हणजे, दादांचे गुडघे बघ ना. या वयात. पुस्तकातलं वेगळं असतं गं. तिकडे ती बाई इंग्लंडातली."

शिंपी हातातलं पुस्तक उलटंसुलटं करत होता. दादाचा चेहरा मात्र बघवेना. रागावलेला नव्हता. आपल्या घराला आणखी एक दार आहे हे माणसाला म्हातारपणी कुणी दाखवावं, तसा तो तिच्याकडे बघत होता.

"आजी, तुम्ही तरी सांगा तिला," वकिलीणबाई म्हणाल्या. "तुमचं ऐकेल ती."

सगळे माझ्याकडे वळले. शिडीवरून तीही. मी आपलं पुस्तक टेबलावर ठेवलं.

"मी आता काय सांगू?" मी म्हणाले. "माझं मत तर आधीच गल्लीभर गेलंय. तिनं जायला हवं होतं."

"माझंही तेच आहे," शिंपी म्हणाला, छतातल्या पंख्याकडे बघत. "पहिल्यापासून."

"मग तुमचंही मत तेच की, वकिलीणबाई," शिडीवरून वन्सं म्हणाली. "ठासून दिलंत तुम्ही. मी दातांच्या डॉक्टरांकडे सांगून आले. आता बदलता येत नाही."

वकिलीणबाईंनी दादाकडे बघितलं, दादानं शाल सारखी केली. मग तो म्हणाला, "शनिवार पुस्तकं पोचवायचा दिवस आहे."

"पोचवून जाईन," ती म्हणाली.

यानंतरचे दिवस फार जड गेले, असं ती मला नंतर म्हणाली नाही, पण मी वरून ऐकत होते ना. भांडण झालं असतं तर बरं. घरात कुणी बोलेचना. खिडकीतून नुसते आवाज यायचे, पाट सरकल्याचा, खळ ढवळल्याचा. वहिनी हाक मारायची तीही बंद झाली. एकदा फक्त दादाचा आवाज आला, "गुडघा आज फार दुखतोय," आणि ती जिना चढून गेल्याचं ऐकू आलं. तेल लावायला गेली असणार. शुक्रवारी जिन्यात भेटली तर म्हणाली, "आजी, पेटी भरली. तेवढ्यात आठवलं, पावसाळ्यात पुढची फळी भिजते, ती कुणाला माहीत नाही. दादाला सांगितलं. मग आठवलं, वहिनीला खळ करता येत नाही, गुठळ्या होतात. ती दाखवली. जितकं सांगते तितकं आणखी आठवतं. पायच निघत नाही बघा."

"मग सांगू नकोस," मी म्हणाले. "भिजू दे एक फळी."

शनिवारी सकाळी शटर उघडलंच नाही.

रोज उघडतं त्या वेळेला मी खाली उतरले, आणलेलं पुस्तक परत करायचं निमित्त करून. शिंपी आधीच येऊन उभा होता, त्याच्या हातातही पुस्तक, जे त्यानं कालच नेलं होतं. कोपऱ्यावर मोठ्या बाईंच्या दारात ट्रक लागला होता, माणसं कपाट उतरवत होती. आम्ही शटरकडे बघत होतो. आतून एकदा पावलं वाजली. पार दुकानाच्या तोंडापर्यंत आली आणि थांबली. पत्र्याच्या अलीकडे आम्ही, पलीकडे ती. शिंपी खाकरला.

"वन्सं?"

"आहे," आतून आवाज आला. "किल्ली दादाकडे आहे. तो झोपलाय म्हणे."

मागनं जा, असं माझ्या ओठावर आलं होतं. मागनं म्हणजे त्या स्वयंपाकघरातून, दादाच्या खाटेवरून, पेटी घेऊन. मी ते गिळलं. आम्ही तसेच उभे राहिलो. कपाट ट्रकात चढलं, खुर्च्या चढल्या. दादाच्या खिडकीचा पडदा ओढलेला होता.

मग बाजूच्या जिन्यावरून वहिनी उतरली. केस विस्कटलेले, पायात चपला उलटसुलट. आमच्याकडे बघितलं नाही. कुलूप काढलं, शटर कमरेपर्यंत वर केलं, त्याहून वर ढकलायला तिचं बळ पुरत नव्हतं. वन्सं वाकून बाहेर आली. खांद्यावर पिशवी, भरलेली. दोघी क्षणभर समोरासमोर.

"पट्टा उसवलाय," वहिनी म्हणाली. "एका बाजूला धरू नका, तुटेल."

"हो."

एवढंच. शिंप्यानं शटर पूर्ण वर ढकललं आणि वन्सं कामाला लागली.

मला वाटलं, आज तरी पिशवी टाकून सरळ ट्रककडे जाईल. कुठली जाते! शिंप्याचं पुस्तक घेतलं, दुसरं दिलं. माझं घेतलं. वकिलीणबाईंचा जिना चढली, खाली आली. दातांच्या डॉक्टरांकडे गेली. समोरच्या इमारतीत वर-खाली करताना मला ती दर मजल्याच्या जाळीतून दिसत होती, दर दारात तेवढाच वेळ थांबलेली. कुणाशी जास्त बोलली नाही, कुणाचं घर टाळलं नाही. ट्रकवाला भोंगा वाजवत होता. शेवटी मोठ्या बाईंच्या दारात गेली. त्या सामानातून एक पुस्तक शोधत होत्या, वाचनालयाचं, चुकून पेटीत गेलेलं. ते सापडलं, तिनं घेतलं आणि दुकानाकडे परत निघाली. हातात फक्त तेवढंच, पिशवी आता रिकामी.

दादा खाली येऊन टेबलामागे बसला होता. दाढी न केलेला. मी दारातच उभी होते. तिनं पुस्तक टेबलावर त्याच्यासमोर ठेवलं, कव्हरवरची धूळ हातानं पुसली.

"मोठ्या बाईंचं," ती म्हणाली. "त्या म्हणतात, मधली काही पानं उगाच वाढवलीत, पण खून चांगला आहे."

"हं," दादा म्हणाला. त्यानं पुस्तक ओढून घेतलं, आत शिक्का मारला आणि मागे फळीवर ठेवायला तिच्याकडे धरलं. तिनं ते घेतलं, नंबर बघितला, शिडी सरकवली आणि जागेवर ठेवून आली. कोपऱ्यावरचा ट्रक निघून गेला तेव्हा तिची भरलेली पेटी मागच्या खोलीतच होती.